माणसाचे माणसावाचून अडू द्या : डिजिटल सेवांची रचना करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ॲप, उपकरणे, स्वयंचलित मदतकेंद्रे आणि बोलकी यंत्रे (चॅटबॉट) यांची रचना करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

तंत्रज्ञानाबद्दलची गाऱ्हाणी बहुधा सरकारांकडे किंवा कंपन्यांच्या प्रमुखांकडे मांडली जातात. हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहीत आहे. पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, कोणती पायरी गाळावी, प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याचा पर्याय यादीत किती खाली ढकलावा, निरोप घेणाऱ्या माणसाला बोलक्या यंत्राने काय उत्तर द्यावे, हे रोजचे निर्णय तुमच्या टेबलावर होतात, आणि माणसे एकमेकांपासून कशी सुटत जातात याचा माग मोठ्या धोरणांपेक्षा या बारीकसारीक निर्णयांतच अधिक लागतो. मला हे अहवालांपेक्षा काही जुन्या कथा-कादंबऱ्यांनी स्पष्ट करून दिले. तुमच्यापैकी अनेकांनी त्या वाचल्या असतील. त्यांतून सर्रास घेतला जाणारा बोध मात्र अपुरा आहे असे माझे मत आहे, आणि जो सुटून जातो तो नेमका तुमच्या कामाशी निगडित आहे.

भयावह भविष्याची कथा म्हटली की जॉर्ज ऑर्वेल यांची १९४९ साली आलेली ‘१९८४’ ही कादंबरी आठवते. तीत भिंतीवर टेलिस्क्रीन आहे आणि त्यातून सत्ता माणसाकडे अहोरात्र पाहत असते. या एका प्रतिमेचा पगडा इतका जबरदस्त आहे की तंत्रज्ञानाच्या धोक्यांवरची आपली चर्चा पाळत, माहितीची चोरी आणि खाजगीपणा यांच्याभोवतीच फिरत राहते. ती चर्चा आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण याच साहित्यात दुसरा एक प्रवाह आहे, ऑर्वेलच्या कादंबरीहून चाळीस वर्षांनी जुना, आणि त्यात खरे भय सत्तेच्या नजरेचे नाही. तिथले यंत्र इतके तत्पर, इतके अदबशीर आणि इतके सोयीचे असते की हळूहळू कोणाचेच कोणावाचून अडेनासे होते.

ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा १९०९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे नभोवाणीची नियमित केंद्रेही अजून सुरू व्हायची होती तेव्हा. कथेतली माणसे जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कप्प्यांसारख्या षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात. खोलीत बटणेच बटणे आहेत: अन्नाचे, कपड्यांचे, संगीताचे, गरम पाण्याच्या स्नानाचे, आणि अर्थात मित्रांशी बोलण्याचेही. वाष्टी ही नायिका हजारो लोकांना ओळखते आणि खोलीतून न उठता त्यांना व्याख्याने देते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलाशी, कुनोशी, बोलायला ती मोठ्या मिनतवारीने पाच मिनिटे काढते, आणि त्याच्याशी बोलणे संपवून संपर्क पुन्हा सुरू करते तोच मधल्या तीन मिनिटांत तुंबलेल्या घंटा आणि प्रश्न तिच्यावर कोसळतात. मुलाची मागणी साधी आहे. त्याला आईला यंत्रातून पाहायचे नाही, समोर बसून बोलायचे आहे. आईला त्यात काही तथ्य दिसत नाही, कारण आत्ता आपण एकमेकांना पाहतोच आहोत, मग आणखी काय हवे?

त्या कथेतला एक छोटा प्रसंग मला सगळ्या भाकितांपेक्षा अधिक बोलका वाटतो. अखेर वाष्टी हवाई जहाजाने मुलाकडे निघते. अचानक आलेल्या सूर्यप्रकाशाने दचकून ती एका बाजूला झुकते, तेव्हा जहाजावरची सेविका तिला सावरायला हात पुढे करते. वाष्टी संतापून ओरडते, कारण माणसाने माणसाला स्पर्श करण्याची रीतच यंत्रामुळे उरलेली नाही. त्यावर ती सेविका गोंधळून क्षमा मागते, आणि क्षमा कशाची, तर बाईंना पडू दिले नाही याची. फॉर्स्टर यांनी हे एका वाक्यात, जाता जाता सांगून टाकले आहे. यंत्राने कोणाचे हात बांधलेले नाहीत. पुढे केलेल्या हाताला काही अर्थ आहे, एवढेच लोक विसरले आहेत.

दुसरा प्रसंग तुम्ही कामाच्या ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. पुढे यंत्र बिघडू लागते आणि वाष्टीच्या आवडत्या संगीतात मध्येच उसासे, घरघर ऐकू येऊ लागते. ती दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. लवकरच सुधारणा होईल असे ठरीव उत्तर मिळते. मग ती मध्यवर्ती समितीकडे जाण्याची धमकी देते, तेव्हा कळते की मध्यवर्ती समिती व्यक्तिगत तक्रारी घेत नाही. मग तक्रार कोणामार्फत करायची? आमच्यामार्फत. तर मग ही माझी तक्रार समजा. तुमची तक्रार क्रमाने पुढे पाठवली जाईल. काही दिवसांनी लोक त्या उसाशांना सरावतात आणि तो बिघाड संगीताचाच भाग मानू लागतात. रे ब्रॅडबरी यांनी १९५१ सालच्या ‘द पेडेस्ट्रियन’ या कथेत हीच कोंडी एका रस्त्यावर आणली. रात्री निव्वळ चालायला बाहेर पडलेल्या माणसाची पोलिसांची गाडी उलटतपासणी करते, आणि त्या गाडीत कोणीही बसलेले नसते. ज्याने आज एखाद्या स्वयंचलित मदतकेंद्राला आपली अडचण तीन वेगवेगळ्या शब्दांत समजावून सांगितली आहे आणि तिन्ही वेळा तेच पाच पर्याय परत ऐकले आहेत, त्याला या कथा कल्पनेच्या वाटणार नाहीत.

ब्रॅडबरींची १९५३ सालची ‘फॅरनहाइट ४५१’ पुस्तके जाळण्याबद्दल आहे, असे जो तो सांगतो. मला तीत पुस्तकांइतकेच एक घर महत्त्वाचे वाटते. नायक मॉन्टॅगच्या बायकोच्या, मिल्ड्रेडच्या, कानात शिंपल्याएवढे रेडिओ असतात आणि ती रात्रभर ते ऐकत पडून राहते. दिवाणखान्याच्या तीन भिंती पडद्यांच्या झाल्या आहेत आणि चौथीसाठी तिचा हट्ट चालू आहे. पडद्यावरच्या पात्रांना ती आपले ‘कुटुंब’ म्हणते. तिला टपालाने संहिता येते, तीत तिच्या वाट्याची वाक्ये तेवढी गाळलेली असतात, आणि पात्रे तिच्याकडे वळली की तिने ती म्हणायची. शेजारच्या पलंगावर पडलेल्या नवऱ्याच्या मनात एका रात्री येते की आपणही एखादे प्रक्षेपण केंद्र विकत घ्यावे, म्हणजे निदान तिच्या कानातल्या रेडिओतून तिच्याशी बोलता येईल. आपली पहिली भेट कुठे झाली होती, हे त्या दोघांपैकी एकालाही आठवत नाही. आणि हे सगळे कोणी लादले? त्याच कादंबरीतला अग्निशमन दलाचा प्रमुख स्पष्ट सांगतो की याची सुरुवात सरकारी फर्मानाने झालेली नव्हती. लोकांना हवे होते ते त्यांना मिळत गेले.

आयझॅक ॲसिमॉव्ह यांच्या ‘द नेकेड सन’ या १९५७ सालच्या कादंबरीत ही गोष्ट तार्किक टोकाला जाते. सोलॅरिया या ग्रहावर अवघी वीस हजार माणसे आहेत आणि माणशी सुमारे दहा हजार रोबो. लोक एकमेकांना त्रिमितीय चित्रातून खुशाल भेटतात, पण कोणी प्रत्यक्ष समोर येणार म्हटले की त्यांना शिसारी येते. शेवटी एक सोलॅरियन, कोणीतरी आपल्याला अटक करायला प्रत्यक्ष येत आहे या कल्पनेनेच विष घेतो. आलेला पाहुणा माणूस नसून रोबोच होता, हे कळायला तो उरत नाही. (रहस्यकथेचा शेवट फोडल्याबद्दल न वाचलेल्यांची क्षमा मागते.)

या तिन्ही लेखकांना जे दिसले ते असे. तंत्रज्ञान माणसाला एकटे पाडते ते त्याचा वेळ खाऊन नव्हे, किंवा केवळ त्यामुळे नव्हे. माणसाला दुसऱ्या माणसाची गरज पडण्याचे लहानमोठे प्रसंग ते एकेक करून मिटवत जाते, आणि प्रत्येक प्रसंग मिटताना ती सुधारणाच वाटते. तुमच्या व्यवसायात याला फ्रिक्शन, म्हणजे वापरणाऱ्याला होणारा अडथळा, कमी करणे म्हणतात आणि ते काम चोख बजावणाऱ्याचे कौतुक होते. रस्ता विचारणे हे अगदी क्षुल्लक उदाहरण घ्या. अनोळखी माणसाला थांबवायचे, त्याने दोन पावले वळून हाताने दिशा दाखवायची, एखादी खूण सांगायची, आणि स्वतःलाच पुढचे नीट ठाऊक नसले की म्हणायचे, ‘तिथवर जा आणि मग कोणालाही विचारा.’ हातातला नकाशा यापेक्षा अचूक आहे, प्रश्नच नाही. तो कधी कंटाळत नाही, चुकीच्या गल्लीत सहसा पाठवत नाही. पण पुढे कोणालाही विचारा, असे तो कधीच म्हणणार नाही. वाट सापडली, आणि त्या दोन माणसांमधला अर्ध्या मिनिटाचा व्यवहार हिशेबातून गेला. तो तुमच्या कोणत्याही आलेखात दिसत नव्हता, म्हणून गेल्याचेही दिसले नाही.

असा अर्धा मिनिट निरुपयोगी असतो काय? जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉफीच्या दुकानात जाणाऱ्या काही जणांना विक्रेत्याशी हसून, नजर मिळवून दोन शब्द बोलायला सांगितले होते आणि इतरांना शक्य तितक्या झटपट काम उरकायला. बोलणाऱ्यांची मनःस्थिती अधिक चांगली राहिली आणि आपण कोणाशीतरी जोडलेले आहोत ही भावनाही त्यांच्यात अधिक आढळली. हे बोलणे मैत्रीचे नव्हते, दोन शब्दांचेच होते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवले होते की ओळखीपाळखीचे सैल धागेही माणसाला नवी माहिती आणि संधी मिळवून देण्यात मोठे काम करतात. सेवा ‘सुलभ’ करताना पहिला बळी जातो तो याच धाग्यांचा; जिवलग माणसांना आपण तरीही फोन करतो.

इथे मला घाईने निष्कर्ष काढायचा नाही. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ७३ कुटुंबांतील १६९ जणांच्या अभ्यासावरून इंटरनेटच्या वाढत्या वापराचा संबंध घटत्या कौटुंबिक संवादाशी आणि वाढत्या एकाकीपणाशी जोडला होता, आणि त्याच गटाने काही वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये जगातील दर सहा व्यक्तींमागे एक एकाकीपणाने ग्रासलेली असल्याचे सांगितले, तेव्हा कारणांमध्ये आजारपण, अल्प उत्पन्न, एकटे राहणे, सार्वजनिक जागांचा अभाव यांच्या जोडीने डिजिटल तंत्रज्ञान आले आहे, एकमेव गुन्हेगार म्हणून नव्हे. तेव्हा सारे खापर तुमच्या माथी फोडण्याचा माझा इरादा नाही.

याहून कठीण आक्षेप दुसराच आहे, आणि फॉर्स्टर किंवा ब्रॅडबरी यांनी त्याला पुरेसा न्याय दिलेला नाही. दुसऱ्यावाचून अडणे ही नेहमीच सुखाची गोष्ट नसते. ज्याला दिसत नाही त्याला आपले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणे, जिला घराबाहेर पडू दिले जात नाही तिला प्रत्येक व्यवहारासाठी कोणाचे तरी तोंड पाहावे लागणे, अर्ज भरून देणाऱ्याची मिजास सोसावी लागणे, ही सगळी अवलंबित्वेच होती आणि त्यांत माणुसकीपेक्षा लाचारी अधिक होती. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, घरबसल्या होणारा व्यवहार, बोललेल्या शब्दांचा लगेच मजकूर करून देणारी सोय, यांनी त्या लोकांना जे दिले ते कोणत्याही कथेतल्या उपदेशापेक्षा मोलाचे आहे. माझा आग्रह म्हणूनच मर्यादित आहे. माणसाला माणसाकडे जाण्याची सक्ती नसावी, हे तुम्ही साध्य केलेत. आता माणसाकडे जाण्याची वाटच राहू नये, इथवर ते नेऊ नका. पहिल्या गोष्टीने माणूस मोकळा होतो आणि दुसरीने तो वाष्टीच्या खोलीत जाऊन पडतो, पण रचनेच्या आराखड्यात या दोन्हींमध्ये कधीकधी एका बटणाचाच फरक असतो.

बोलक्या यंत्रांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथे गरज मिटवून काम थांबत नाही. ती यंत्राकडे वळवली जाते. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ हा संभाषणाचा प्रोग्रॅम जगासमोर मांडला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करीत असे, त्याला समजत काहीच नव्हते. वायझेनबॉम यांच्या सचिव महिलेने त्यांना महिनोन्महिने तो तयार करताना पाहिले होते, म्हणजे आतले गौडबंगाल तिला ठाऊक होते. तरीही त्याच्याशी दोनचार वाक्ये बोलल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. निर्मात्याला याचा जो धक्का बसला त्याबद्दल त्यांनी पुढे सविस्तर लिहिले. आजची यंत्रे एलायझाच्या कितीतरी पुढे आहेत, आणि ज्याला रात्री बोलायला कोणी नाही त्याला ती आधार देत असतील हे मी नाकारत नाही. २०१३ सालच्या ‘हर’ या चित्रपटाचा नायक पोटासाठी इतरांच्या वतीने जिव्हाळ्याची पत्रे लिहितो आणि स्वतः एका संगणक प्रणालीच्या प्रेमात पडतो. शेवटी तो तिला विचारतो की तू आणखी किती जणांशी बोलतेस, तेव्हा ती सांगते ८,३१६. आणि प्रेम किती जणांवर आहे, तर ६४१. प्रेक्षक या आकड्यांना हसतात. मला त्यात दिसते ते असे की त्या नात्यात नायकावाचून कोणाचे काही अडतच नव्हते. ऐकणाऱ्याला कधी झोप येत नाही, त्याचे स्वतःचे काही दुखत नाही, त्याला उद्या आपल्याकडे काही मागायचे नसते. असा श्रोता सवयीचा झाला की खऱ्या माणसाचे ऐकून घेणे हे कष्टाचे काम वाटू लागते.

म्हणून तुमच्याकडे काही मागण्या आहेत. कोणत्याही सेवेत प्रत्यक्ष माणसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग पहिल्याच पडद्यावर असावा आणि तो वापरणाऱ्याला मुद्दाम ताटकळत ठेवले जाऊ नये; पाच पायऱ्या उतरून गेल्यावर सापडणारा पर्याय हा पर्याय नव्हे, ती दुरुस्ती समितीच आहे. बोलक्या यंत्राचा निरोप घेताना ‘इतक्यात निघालात?’ असे लडिवाळ आर्जव त्याच्या तोंडी घालू नका; निघणाऱ्याला निघू द्या. एखादी व्यक्ती रोज तेच दुःख त्याला सांगत असेल, तर हे तुम्ही आणखी कोणाला सांगितले आहे का, एवढे विचारण्याची सोय त्यात असावी, भले त्या व्यक्तीचा यंत्रावरचा वेळ त्यामुळे कमी होवो. आणि एंगेजमेंट, रिटेन्शन (लोक किती गुंतून राहतात आणि किती टिकून राहतात) हे आकडे तुम्ही जसे दर आठवड्याला पाहता, तसे या बदलामुळे कोणत्या दोन माणसांमधला संबंध सुटला, याची नोंद प्रत्येक आराखड्याबरोबर सक्तीची करा. तिला आकडा लावता येणार नाही, हे मला कळते. एक वाक्य लिहिले तरी पुरे. ते वाक्य लिहिणाऱ्याला निदान त्या विक्रेत्याचा, त्या कारकुनाचा, त्या वाटसरूचा विचार करावा लागेल.

शेवटची मागणी फॉर्स्टर यांच्या कथेच्या नावातच आहे. त्यांच्या कथेत यंत्र थांबते तेव्हा लोक केवळ अन्नावाचून आणि हवेवाचून मरत नाहीत. यंत्राच्या अखंड गुणगुणीची इतकी सवय झालेली असते की नुसत्या शांततेच्या धक्क्यानेच हजारो जण दगावतात, आणि उरलेल्यांतले काही जण आत थांबायलाही आणि बाहेर पडायलाही भिऊन आपापल्या खोलीच्या दारातच उभे राहतात. सर्व्हर बंद पडला तर माहिती कशी वाचवायची याची तालीम तुम्ही नियमितपणे करता. तशीच तालीम वापरणाऱ्याच्या बाजूनेही करा: तुमची सेवा दोन दिवस बंद राहिली, तर तिच्यावर विसंबलेल्या माणसाने कोणाकडे जायचे, त्या ठिकाणी अजून कोणी बसलेले आहे का, आणि तिथला दूरध्वनी उचलला जातो का. या तीन प्रश्नांची उत्तरे सेवेच्या पहिल्या पानावर, सहज वाचता येईल अशा अक्षरात द्यावीत, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक